हजाराचा ठोकळा

त्या वर्षी शाळेने गणित विकत घेतलं.

त्याआधी शाळेत गणित नव्हतं असं नाही. तिसरीच्या मोहरीबाई ते उभं आयुष्य शिकवत आल्या होत्या, पण पिकतं तिथे विकत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. टेम्पोतून एका कंपनीची खोकी उतरली. त्यांत प्रत्येक मुलासाठी गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका होती, प्रत्येक शिक्षकासाठी जाडजूड मार्गदर्शिका होती, आणि मुलांनी हाताळायचे प्लॅस्टिकचे ठोकळे होते: सुटे एकेक, दहाच्या कांड्या, शंभराच्या चौकोनी पाट्या आणि हजाराचे मोठे ठोकळे. पुस्तिका वाटल्या, मार्गदर्शिका वाटल्या. ठोकळ्यांच्या पेट्या मात्र चिकटपट्टीसकट मुख्याध्यापिकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेल्या आणि कपाटाला कुलूप लागलं. वर्षाअखेरीस सामानाची तपासणी होते, एकेक तुकडा मोजून द्यावा लागतो. पोरांच्या हाती दिले की हरवणार, आणि हरवले तर जबाबदार कोण? ठोकळ्यांची चित्रं पुस्तिकेत होतीच, तीही चांगली चार रंगांत.

मोहरीबाई शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, की आता पोहायला शिकवायचं तेव्हा पाणी कपाटात ठेवू आणि पोरांना विहिरीचं चित्र दाखवू. कोणी हसलं नाही. हसण्याची सोय नव्हती, कारण मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या.

मोहरीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. अंगापिंडाने एवढ्याशा, आणि जरा आच लागली की तडतड सुरू. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो म्हणे, हिचा राग मिनिटकाट्यासारखा आहे, तासाला एक फेरी ठरलेली, त्यात बिघाड नाही. पण हा राग चुकलेल्या गणितावर कधीच निघत नसे. चूक उत्तर त्यांच्या वर्गात खुशाल चालायचं. चालायचं नाही ते ऐकीव उत्तर. बरोबर उत्तर आलं तरी त्या विचारणारच, "कसं आलं?" आणि पोराने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं की मग त्या पोराची धडगत नसे. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची मुलं आता त्यांच्यासमोर बसत होती आणि घरूनच ताकीद घेऊन येत होती, की बाईंच्या वर्गात नापास हो, पण दुसऱ्याचं बघून पास होऊ नकोस.

आणि मुख्याध्यापिका कोण, तर त्यांची नणंद. नवऱ्याची सख्खी धाकटी बहीण. लग्न होऊन मोहरीबाई त्या घरात आल्या तेव्हा ही चौथीत होती आणि भागाकार आला की पोटात दुखतंय म्हणून पांघरूण ओढून झोपायची. भावजयीने तिला स्वयंपाकघरात बसवून डाळीच्या दाण्यांचे वाटे करायला लावले आणि भागाकार तिच्या गळी उतरवला. ती शिकली, पुढे गेली, खुर्चीवर बसली. गुरूची विद्या गुरूला, असं मोहरीबाई म्हणत, पण ते फक्त नवऱ्यासमोर. घरी त्या तिला वन्सं म्हणत, शाळेत मॅडम. ती घरी वहिनी म्हणे, शाळेत बाई. फाटक ओलांडलं की नातं बदलायचं, हा दोघींचा कधी न बोललेला करार होता.

तर मार्गदर्शिका. तिच्यात रोज कोणतं पान घ्यायचं ते छापलेलं होतं, आणि शिक्षकाने काय बोलायचं तेही. करड्या चौकटीत लिहिलेलं असे, "म्हणा: मुलांनो, आज आपण एक गंमत पाहू." पन्नाशी उलटलेल्या बाईला गंमत कधी वाटावी, हेही आता बाहेरून छापून येणार होतं. तिसरीच्या दोन्ही तुकड्या एका दिवशी एकाच पानावर असल्या पाहिजेत असा दंडक होता. पानाचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि मुख्याध्यापिका फेरी मारताना तो खिडकीतून बघायच्या. शेजारच्या तुकडीच्या सरांना हे फार मानवलं. ते मार्गदर्शिका छातीशी धरून उभे राहत आणि करडी चौकटन् चौकट वाचून काढत. त्यांचा घसा बसे, पण पान कधी चुकत नसे.

मोहरीबाईंनी एका सुट्टीच्या दिवशी पेन्सिल घेऊन ती मार्गदर्शिका पहिल्या पानापासून वाचली. वाचता वाचता त्यांचा पारा असा चढत गेला की नवऱ्याने चहाचा कप लांबूनच सरकवला. हातच्याची वजाबाकी एका दिवसात उरकलेली होती. ज्या गोष्टीवर पोरं महिनाभर अडखळतात ती एका दिवसात, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं पान. शाब्दिक उदाहरणं तर विचारू नका. कोणी शिडाच्या होडीतून सहलीला निघालेलं, कोणी बर्फावरून घसरत खाली येणारं. वर्गातल्या अर्ध्या पोरांचा जीव ते वाक्य वाचण्यातच जायचा आणि गणित बिचारं दारातच उभं राहायचं. अगदी खरं सांगायचं तर सगळंच टाकाऊ नव्हतं. अंदाज बांधायचे काही खेळ इतके छान होते की ते आपल्याला आधी का सुचले नाहीत, याचा त्यांना वेगळा राग आला.

मग त्यांनी कात्री आणि डिंक काढला. कारण विकत घेतलेले कपडेसुद्धा कोणी जसेच्या तसे घालत नाही, कुठे आत घेतात, कुठे उसवतात. होडीच्या जागी बस आली, बर्फाच्या जागी जिना आला, पर्यटकांच्या जागी इस्त्रीला आलेले शर्ट आले. हातच्याच्या वजाबाकीला त्यांनी दहा दिवस दिले आणि ते दिवस भरून काढायला मधली पानं गाळली. फळ्याच्या कोपऱ्यात मात्र मॅडमना हवा तो आकडा रोज नेमाने लिहिला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, पण आकडा लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे अशी त्यांनी मनाची समजूत घातली. हजाराचा धडा आला तेव्हा मार्गदर्शिका म्हणत होती, "म्हणा: हा हजार. मुलांकडून पाच वेळा म्हणून घ्या." मोहरीबाईंनी त्यावर आडवी रेघ मारली, समासात "पोपटपंची" असं लिहिलं, आणि मुलांना सांगितलं, "चित्र बघा, मोजा, मग लिहा."

या सगळ्याच्या मागे एक भीती होती आणि ती जिन्याखालच्या खोलीत बसलेली होती. घटक चाचणीत जो नापास होईल त्याने गणिताच्या तासाला वर्गात बसायचं नाही, त्या खोलीत जायचं. तिथे संगणक होते, कानाला लावायचे हेडफोन होते, आणि दारावर "आधार वर्ग" अशी पाटी होती. एकदा तिथे गेलेलं मूल परत वर्गात आलेलं अजून कोणी पाहिलं नव्हतं. पहारेकऱ्याची थोरली मुलगी पहिल्याच चाचणीनंतर सरांच्या वर्गातून तिथे गेली. ती एकदा व्हरांड्यात दिसली तेव्हा मोहरीबाईंनी सहज विचारलं, आठातून तीन गेले तर किती? पोरीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "पर्याय कोणते, बाई?"

माझ्या वर्गातलं एकही पोर त्या खोलीत जाणार नाही, एवढंच त्यांनी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

आणि मग दुसरी चाचणी झाली, आणि अख्खा वर्ग नापास झाला.

मॅडमनी बोलावलं तेव्हा टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. अर्ध्याअधिक प्रश्नांत हजाराच्या ठोकळ्याचं चित्र होतं. एक ठोकळा म्हणजे किती, दोन ठोकळे आणि चार पाट्या मिळून किती, अशी सगळी गणितं. आणि एका ठोकळ्याला मोहरीबाईंच्या प्रत्येक पोराने तीनशे लिहिलं होतं. पुढची सगळी बेरीज त्याच तीनशेवर रचलेली.

"एखादं-दुसरं मूल असतं तर मी समजले असते," मॅडम म्हणाल्या. "पण सगळ्यांची एकच चूक? हे एकमेकांचं बघून लिहिल्याशिवाय होतं का, बाई?"

हे त्यांच्या वर्गाबद्दल. मोहरीबाईंच्या कानशिलात कोणी वाजवली असती तर त्यांना एवढं लागलं नसतं. त्या गठ्ठा उचलून वर्गात आल्या आणि त्यांनी पणताईला उभं केलं.

पणताई ही लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईची मुलगी. काहीही सांगा, तिचं वाक्य "पण बाई" असंच सुरू व्हायचं, म्हणून वर्गाने तिला ते नाव दिलं होतं. बाईंचा तिच्यावर उघड जीव होता. ही पोरगी कधी कोणाच्या वहीत डोकावली नव्हती, कारण दुसऱ्याच्या वहीवर तिचा विश्वासच नव्हता.

"हे तीनशे कसं आलं?" बाईंनी विचारलं.

पोरीने चित्रावर बोट ठेवलं. वरच्या बाजूला शंभर चौकोन, समोरच्या बाजूला शंभर, कडेला शंभर. "दिसतात तेवढे सगळे मोजले, बाई. तुम्ही सांगितलं होतं ना, मोजा मग लिहा."

बाईंनी आणखी तिघाचौघांना विचारलं. सगळ्यांनी तेच केलं होतं, आपापलं, अगदी मन लावून. मग त्या शेजारच्या वर्गाच्या दारात गेल्या. तिथली सगळी मुलं पास होती. सर ओशाळून म्हणाले, "मी वेगळं काही नाही केलं हो. छापलंय तसं म्हणायला लावलं. हा हजार, हा हजार. पाच वेळा."

मोहरीबाईंना आता नेमकं कोणावर चिडावं हेच समजेना. ज्या पोरांनी मोजलं ती नापास झाली, ज्यांनी घोकलं ती पास झाली. आणि ती घोकायची ओळ स्वतःच्या पेन्सिलीने खोडली होती त्यांनीच. खोडली ते बरोबर, पण तिच्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. कागदावरच्या ठोकळ्याच्या पोटात काय आहे ते पोरांना दिसणार कुठून? एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांच्या मास्तरकीत आपल्याला सुचू नये? राग आधी स्वतःवर उलटला. मग तो तिथून निघाला आणि सरळ लोखंडी कपाटावर जाऊन आदळला.

अख्ख्या वर्गाची रांग घेऊन त्या मॅडमच्या खोलीत शिरल्या.

"वन्सं, कपाट उघडा," त्या म्हणाल्या.

शाळेच्या आवारात हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता. मॅडमचा चेहरा पडला. पेट्या बंद आहेत, तपासणीआधी फोडता येणार नाहीत, नावांची यादी वर गेली आहे, सोमवारपासून या मुलांचा आधार वर्ग सुरू होतोय, असं त्या भराभर बोलत गेल्या. नणंदेचंही चुकत नव्हतं म्हणा. वरच्या लोकांनी पैसा घातला होता आणि आता ते रोज तिच्याकडे निकाल मागत होते. पण मोहरीबाई त्या दिवशी कोणाची बाजू समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हत्या.

"तुला भागाकार शिकवला तेव्हा मी डाळीचा डबा कुलपात ठेवला होता का गं?" त्यांनी विचारलं. "माझी पोरं चोर ठरवलीस. त्यांनी चित्र बघून मोजलं, आणि चित्रात तीनशेच दिसतात. तूच मोजून बघ."

मॅडमनी खरंच मोजलं. मनातल्या मनात, ओठ हलवत, चौथीतल्यासारखं. मग त्या उठल्या, किल्ली काढली, आणि कात्रीने पेटीची चिकटपट्टी कापली.

हजाराचा ठोकळा हातात आला तो पणताईच्या. तिने तो दोन्ही हातांनी धरला, वजन पाहिलं, टकटक वाजवून पाहिला, उलटा केला. "बाई, खाली पण शंभर आहेत. मागे पण. आणि या बाजूला पण." तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे सहाशे. पण बाई, हा आतून पोकळ आहे."

पोकळच होता. एका साच्यातून काढलेला, वर रेघा मारलेला रिकामा डबा. इतके दिवस कुलपात सांभाळला तो हा. मोहरीबाईंनी दात ओठ खाल्ले, शंभराच्या पाट्या काढल्या आणि त्या ठोकळ्याशेजारी एकावर एक रचायला लावल्या. मुलं मोजत गेली. दहावी पाटी बसली तेव्हा चळत ठोकळ्याच्या बरोबरीने आली आणि मुलांमधून हुंकार उमटला. आता सगळ्यांना कळलं होतं. आपण काय विसरलो, तर पोटातले. एकट्या पणताईची मान हलली नाही.

"या पाट्या हजार आहेत," ती चळतीवर हात ठेवून म्हणाली. मग ठोकळा उचलून दाखवला. "हा हजार नाही. हा फक्त हजाराएवढा आहे."

मोहरीबाईंना भरून आलं. एवढ्या वर्षांत तिसरीचं कुठलं पोर असं वाक्य त्यांच्यासमोर बोललं नव्हतं. मॅडमही फेरचाचणी घ्यायला कबूल झाल्या. मात्र तीच प्रश्नपत्रिका, कंपनीची, आणि तो शेवटचा निकाल. त्यात जी मुलं नापास होतील ती सोमवारी खाली जातील, मग वहिनी म्हणून कितीही तडतड केली तरी चालणार नाही. एवढंच हातात आहे, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

फेरचाचणीच्या वेळी वर्ग चिडीचूप होता. बाई बाकांमधून फिरत होत्या. एकेका पोराच्या खांद्यावरून बघत, हजार, हजार, हजार, आणि त्यांचा जीव भांड्यात पडत होता. खिडकीपाशी पणताईच्या बाकाजवळ आल्या आणि थांबल्या.

तिने सहाशे लिहिलं होतं. दोन ठोकळे आणि चार पाट्यांना सोळाशे. सगळं त्याच हिशोबाने, एकही बेरीज न चुकता. उत्तराखाली बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं: आत काही नाही.

प्रश्नात छापलेलं होतं, "हे किती आहेत?" आणि चित्र त्याच डब्याचं होतं, जो त्या पोरीने हाताने वाजवून पाहिला होता. ही उत्तरपत्रिका वाचायला कोणी माणूस बसणार नव्हता. ती यंत्रात जाणार होती, आणि सोमवारी ही पोर जिन्याखाली कानाला हेडफोन लावून बसणार होती. वर्गातलं सगळ्यात जागं डोकं. कंपनीवर, कपाटावर, नणंदेवर, त्या चित्रावर, सगळ्यांवर मिळून मोहरीबाईंच्या डोक्यात अशी तिडीक गेली की समोरचं दिसेना. पोरीला ठोकळ्याचं सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला आता वेळ नव्हता. मॅडम दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या.

बाई वाकल्या.

"हजार लिही," त्या हळूच म्हणाल्या.

"पण बाई, तो पोकळ—"

"माहीत आहे मला. हजार लिही. खालची पण बदल."

पोरीने मान वर केली. "कसं आलं म्हणून सांगू?"

"मी सांगते म्हणून," बाई म्हणाल्या.

पणताईने खोडरबर घेतलं. आधी आकडे खोडले, मग खालची बारीक ओळही खोडली, फुंकर मारून कागद साफ केला आणि हजार लिहिलं.

वर्ग पास झाला, सगळाच्या सगळा. यादी रद्द झाली. मॅडमनी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमोर बाईंचं कौतुक केलं आणि ठोकळ्यांची एक पेटी तिसरीसाठी उघडी ठेवायची परवानगी दिली. सरांनी त्यांची खोडलेली, डकवलेली मार्गदर्शिका दोन दिवसांसाठी मागून नेली. घड्याळजींनी घरी विचारलं, जिंकलीस ना, मग तोंड का असं? बाईंनी भांडी अशी काही आदळली की त्यांनी पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

सोमवारी बाईंनी फळ्यावर शर्टांचं एक साधं उदाहरण घातलं. पणताईच्या आईच्याच दुकानातलं, मुद्दाम. इस्त्रीला आलेले इतके, गेलेले इतके, राहिले किती. सगळी डोकी वहीत गेली. पणताई पेन्सिल हातात धरून बसली होती. वही कोरी होती आणि ती बाईंकडे बघत होती.

"कर की गं," बाई म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं."

"तुम्हीच सांगा ना बाई काय लिहायचं," पोरगी म्हणाली. "म्हणजे चुकणारच नाही."